मूठभर हॉप्सचं भांडण

याकूबभाई, मी तुमचं ऐकलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही हात वर करून "काशीबाई, बस्स" म्हणायला नको. काल तुमच्याच अंगणात, तुमच्याच माणसांसमोर मी तोंड उघडलं. जे बोलायचं नाही म्हणून तुम्ही मला लेकीची शपथ घातली होती, ते सगळं बोलले. रागवायचं तर रागवा. आता तुमच्या रागाला मी काय भिणार आहे!

आत्ता बंगल्याच्या स्वयंपाकघरात बसलेय. तुमचं स्टूल तसंच आहे, मोरीकडे पाठ करून ठेवलेलं. कोपऱ्यात लाकडी पिंप आहे. तुम्ही तापानं आडवे झालात त्याच्या आदल्या दिवशी लावलेली पेल एल, साहेबांची ती फिकी बियर, त्यात आहे. तुमचं दफन झालं त्या संध्याकाळीसुद्धा ती आत बुडबुडत होती. मी झाकणाला कान लावून ऐकलं आणि मला इतका संताप आला म्हणून सांगू! माणूस गेला आणि ही आपली फसफसतेय. आज आवाज थांबलाय. म्हणजे पिंप उघडायला हवं. साहेब सकाळी काठी टेकत आले, पिंपाकडे बघत उभे राहिले आणि मागे फिरले. त्यांचेही डोळे भरले होते. कधी नव्हे ते.

साहेबांना ही त्यांच्या मुलखाची बियर घरीच करायची सवय. घाटात इंजिनं चालवून निवृत्त झालेला माणूस, मडम देवाघरी गेलेली, जायला दुसरीकडे कुठे घर नाही. बंगल्यापुरती करायची परवानगी होती, बाहेर एक बाटली जाता कामा नये. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले आणि ते काम खानसामा म्हणून तुमच्या गळ्यात पडलं. तुम्ही पाच वेळचे नमाजी. आजवर थेंब जिभेला लावलेला नाही, लावणार नाही. तरी साहेबांनी सांगितलेलं सगळं तुम्ही डोक्यात पक्कं बसवलंत आणि नुसत्या नाकावर बियर करायला लागलात. मी विचारलं होतं एकदा, तुमच्यात हे करणंसुद्धा चालत नाही ना? तुम्ही म्हणालात, "नाही चालत. पण पोट आहे, काशीबाई. करणं माझ्या हातात नाही, पिणं आहे."

नाकाला वास कळतो, चव कशी कळणार? म्हणून मला बोलावलंत. मी औंढ्याची, नवरा गेल्यावर लहानग्या हिराला घेऊन बंगल्याच्या मागच्या खोलीत राहणारी, झाडलोट आणि भांडी करणारी बाई. "एक घोट तोंडात फिरवा, मोरीत थुंका आणि गोड किती, कडू किती ते सांगा," म्हणालात. मी कानांवर हात ठेवले. गावात कळलं तर जोड्यानं मारतील म्हटलं. तुम्ही म्हणालात, "गावाला कोण सांगणार? मी तर नाही." आणि खरंच, मरेपर्यंत सांगितलं नाहीत.

भांडणाला पहिल्याच खेपेपासून सुरुवात झाली. विलायतेहून येणारे मोडाचे जव साहेबांना परवडेनात, तेव्हा पुण्याच्या बाजारातून साधे जव आणले आणि मोड आणायचं काम माझ्याकडे आलं. मोड आणायला मला कुणी शिकवायचं? मटकीला असे लांबलचक मोड आणते मी की आळीतल्या बायका बघायला येतात. जव भिजवले, फडक्यात बांधले, उबेला ठेवले. चांगले बोटाच्या पेराएवढे पांढरे मोड आले. मी ताट भरून साहेबांपुढे नेलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

त्यांना पाहिजे होता मोड दाण्याच्या आतच असलेला, नुसता डोकावणारा. तेवढ्यावरच त्याला चुलीच्या मंद उबेवर सुकवून थांबवायचं. म्हणजे दाण्यात तयार झालेली गोडी दाण्यातच राहते. मोड वाढत गेला की तोच ती गोडी खाऊन टाकतो. आता हे मला कुणी सांगितलं होतं का? जव फुकट घालवायला नको म्हणून तुम्ही तेच भरडले, कढत पाण्यात मुरवले, गाळलेल्या पाण्यात हॉप्सची, म्हणजे बियरला कडूपणा देणाऱ्या त्या विलायती वेलीची, सुकी फुलं टाकून उकळलं, बेकरीतलं खमीर घातलं. जे तयार झालं ते मी तोंडात घेतलं आणि तसंच मोरीत टाकलं. पातळ पाणी आणि वर नुसता कडूजहर.

"हॉप्स जास्त झाले," मी म्हणाले.

"हॉप्स बरोबर आहेत. तुमच्या मोडांनी गोडी खाल्ली," तुम्ही म्हणालात.

झालं. ते भांडण त्या दिवशी जे जुंपलं ते जुंपलंच. पुढे मी मोड वेळेवर थांबवायला शिकले. जव सुकले की घरभर ताज्या भाकरीसारखा वास सुटायचा. उकळायला ठेवलेलं पाणी काकवीसारखं गोड लागायचं. तरीही माझं म्हणणं तेच, की हॉप्स जास्त होतात. तुमची मूठ म्हणजे काय मूठ होती, भाई! तुमच्या एका मुठीत माझा पसा मावेल. तुम्ही पेटीत हात घालायचात, ती हिरवट फुलं काढायचात, नाकाशी न्यायचात आणि डोळे मिटून म्हणायचात, "बघा, कसा बागेसारखा वास आहे." वास बागेसारखा असेलही, पण प्यायची का हुंगायची? साहेबांना विचारावं तर ते भले गृहस्थ दोन्हीकडून मान डोलवायचे. त्यांना वेळेवर पेला भरून मिळाला की झालं.

गंमत म्हणजे तुम्हाला स्वतःला कडू अजिबात सोसायचं नाही. पावसाळा सरला की तुम्हाला हिवताप यायचा आणि अमीनाभाभी काडेचिराइताचा काढा करून द्यायच्या. एवढा थोराड माणूस, पण काढ्याची वाटी हातात आली की लहान पोर व्हायचात. डोळे घट्ट मिटायचात, ओठ आत ओढून घ्यायचात आणि डावा खांदा उचलून पार कानाला लावायचात. खांद्यानं कान झाकला म्हणजे कडू कमी लागतं की काय, देव जाणे. मी आणि भाभी तोंडात पदर कोंबून हसायचो. मी म्हणायचे, "स्वतःला वाटीभर काढा जात नाही आणि त्या म्हाताऱ्याला पिंपभर कडू पाजता!" तुम्ही रागानं बघायचात. पण पुढच्या खेपेला मूठ तेवढीच.

असलं भांडण आयुष्यभर चाललं असतं तरी मला चालणार होतं.

मग हिराची सोयरीक आली. उर्श्याचं घर, स्वतःची भातखाचरं, मुलगा निर्मळ. मुलाच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. त्यांचा थोरला मुलगा दारूपायी गेला होता, ऐन उमेदीत. त्यामुळे आबांची एकच अट, घराला दारूचा वास नको. देणं नको, घेणं नको, मानपान नको, एवढीच अट. बापाविना वाढलेली पोर, असं घर पुन्हा दाराशी येणार नव्हतं. मी तुम्हाला म्हणाले, ही शेवटची खेप. लग्न ठरलं की मी चाखणं बंद करणार. तुम्ही म्हणालात, "आजच बंद करा. ही खेप मी वासावर काढतो." पण मी तरी कसली ऐकते! तुम्ही त्या खेपेला पेटीच्या तळाचे हॉप्स घातले होते, तळाला सगळी कडू भुकटी साठते. मला खात्री होती की यावेळी तुमचं बिघडलंय. तुम्हाला हरवायची खुमखुमी होती मला, दुसरं काय!

पाहुणे चाखण्याच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते. ते चाखण्याच्या दिवशीच आले. सोयरीक जमवणारा बापू आबांना घेऊन सरळ बंगल्याच्या मागच्या दारानं आत आला. त्याच्या कानावर बाजारात काहीतरी आलं होतं आणि त्याला ते नजरेनं पकडायचं होतं.

मी पेला हातात घेऊन उभी होते. घोट तोंडात होता. भरलेलं तोंड, भाई, तुम्हाला आठवतंय ना? फरशीवर वहाणा वाजल्या. मोरी दाराच्या समोर, थुंकावं तर दिसणार. गिळावं तर घशाखाली उतरेना, आणि वास तर लपणारच नाही. मी गर्रकन चुलीकडे तोंड केलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला. होणाऱ्या व्याह्यांसमोर बाई बोलत नाही, पाठ करून उभी राहते, एवढीच काय ती माझी ढाल होती. हातातला पेला मात्र तसाच होता. तो तुम्ही मागून येऊन काढून घेतलात. घाई नाही, गडबड नाही. घरातलं एखादं भांडं उचलावं तसा.

बापूनं विचारलं, "हितं चाखतं कोन?"

"मी," तुम्ही म्हणालात.

"तू? अन् तुमच्यात चालतं व्हय?"

"चालत नाही. चाकरी आहे."

"आमी तर आयकलं का ही बाई चाखती."

"बाई जव निवडतात, मोड आणतात, भांडी घासतात. पेल्याला त्यांचा हात लागतो. ओठ लागत नाहीत."

माझ्या तोंडातला घोट आता आग झाला होता. जीभ आक्रसली होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी चुलीच्या धुरावर ढकलता यावं म्हणून लाकूड पुढे सारलं. दात घट्ट मिटून उभी होते. एक शब्द बोलले असते, नुसतं "व्हय" म्हटलं असतं, तरी माझ्या हिराचं लग्न तिथंच मोडलं असतं.

बापू हसला. "मंग घे की. आमच्या म्होरं घे."

आबा म्हणाले, "बापू, ऱ्हाऊ दे."

"असं कसं आबा! पोराच्या जल्माचा परश्न हाय. खातरी नगं?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, याकूबभाई, नाही म्हणा. टाका तो पेला मोरीत. माझ्या लेकीचं काय व्हायचं ते होऊ दे. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, दुसरं मन म्हणत होतं, घ्या. एकदाच घ्या. दोन्ही मनं माझीच होती.

मला दिसलं काहीच नाही. मी फक्त आवाज ऐकला. घोट घशाखाली उतरल्याचा, मग दुसरा, मग रिकामा पेला टेबलावर ठेवल्याचा. तुमचा श्वास लागला होता.

मग आबांचा आवाज आला. "चला. तिथी बघाया सांगा."

ते फाटकाबाहेर पडेपर्यंत मी घोट तोंडात धरून होते. मग मोरीपाशी जाऊन टाकला आणि ओकारी येईपर्यंत चुळा भरल्या. तुम्ही बाहेर नळावर गेला होतात. तुमच्या गुळण्यांचा आवाज किती तरी वेळ येत होता. परत आलात तेव्हा तुमची दाढी ओली होती. मी "भाई..." एवढंच म्हणाले. तुम्ही म्हणालात, "भात लावा. साहेबांची वेळ झाली." आणि भात वाढून झाल्यावर नमाजाला गेलात ते संध्याकाळपर्यंत आला नाहीत. साहेबांचा चहा त्या दिवशी मी केला.

तो घोट कसा लागला, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मला विचारायचा धीर झाला नाही. एवढं मात्र झालं की पुढच्या खेपेला तुमची मूठ अर्धी झाली. मी बघतच राहिले. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पेटी संपत आलीय. पुरवून वापरायला पाहिजे." पेटी काठोकाठ भरलेली होती, भाई. नवीन आलेली. मला काय डोळे नव्हते? पण त्यानंतर त्या बियरला जी चव आली! आधी जवाचा गोडवा, मागून कडू, आणि ते कडू जिभेवर ठाण मांडून बसत नाही, येतं तसं जातं. साहेब पेला उजेडाकडे धरून म्हणाले, "याकूब, गुड!" तुम्ही मान खाली घालून टेबल पुसत राहिलात.

हिराचं लग्न झालं. ती उर्श्याला गेली, रुळली, दोन पोरांची आई झाली. दर ईदेला तुम्ही खारका घेऊन उर्श्याला जायचात आणि आबा तुम्हाला ओसरीवर बसवून भाताचे दाणे दाखवायचे. ते सगळं छान झालं. इकडे मात्र बापूनं बाजारात हसत हसत सगळ्यांना सांगून ठेवलं, साहेबाचा मुसलमान खानसामा पेलाच्या पेला रिचवतो, मी डोळ्यांनी बघितलंय. गोष्ट तुमच्या मोहल्ल्यात पोचली. तुम्हाला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पण पहिल्या रांगेत उभे राहणारे तुम्ही मशिदीत मागच्या रांगेत उभे राहायला लागलात. हे मला भाभींनी सांगितलं. का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनाही तुम्ही सांगितलं नव्हतंत! बायकोलासुद्धा!

मी किती वेळा म्हणाले, मी जाऊन सांगते. निदान भाभींना सांगते. तुम्ही म्हणायचात, "हिरा तिथं नांदतेय. तिच्या भरल्या ताटात माती कालवणार का? हिराची शपथ आहे तुम्हाला. अल्लाला माहीत आहे, बस्स."

"अल्लाला माहीत आहे, पण मोहल्ल्याला नाही ना!" मी ओरडले होते. रागावले की माझी औंढ्याची बोली बाहेर यायची आणि तुम्हाला हसू यायचं. तेव्हाही आलं. "लय झालं तुमचं शानपन," मी म्हणाले आणि तुम्ही हसत हसत कांदा चिरायला घेतलात. असा माणूस! भांडावं तरी कसं?

मग लढाई लागली आणि विलायतेची जहाजं यायची बंद झाली. हॉप्सची पेटी आता खरंच संपायला आली. फुलं जुनी झाली, पिवळी पडली, कडूपण उडून गेलं. मी म्हणाले, काडेचिराईत घालू, कडूला कडू. तुम्ही असे चवताळलात जसं काही मी तुमच्या बिर्याणीत शेण घाला म्हणाले. "बियर आहे ही, काढा नाही! चिराइताचं कडू घशात अडकतं. हॉप्सचं जातं." न पिणाऱ्या माणसाला कडू घशात अडकतं का जातं हे कसं माहीत, असं विचारायला तोंड उघडलं होतं, पण विचारलं नाही. दोघंही चुलीकडे बघत बसलो. आपल्या दोघांमध्ये तो पेला कायम असाच मधे ठेवलेला असायचा.

लढाई सरली, नवी पेटी आली, तरी तुमची मूठ अर्धीच राहिली. यावेळचा ताप मात्र हिवताप नव्हता. छाती भरली. मी आले तेव्हा तुम्हाला धड बोलता येत नव्हतं. तरी विचारलंत, "फेस बसला का?" मी म्हणाले, अजून नाही. "घाई करू नका," म्हणालात. हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यापेक्षा काही बरं बोलता आलं नाही का हो तुम्हाला? आणि मी तरी काय, "बरं" म्हणाले आणि उशी सारखी केली. जन्मभराचे उपकार तुमचे, आणि मी "बरं" म्हणाले.

काल तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. पुरुष अंगणात सतरंजीवर, आम्ही बायका आत दाराशी. हिरा आली होती, आणि तिच्याबरोबर आबाही, उर्श्याहून तळेगावाला येऊन तिथून गाडीनं. मुंडासं काढून मांडीवर ठेवून बसले होते. कुराण वाचून झालं. सरबत फिरलं. मग तुमच्या मोहल्ल्यातले कादरचाचा, म्हातारे, कुणाचं वाईट न चिंतणारे, सुस्कारा टाकून म्हणाले, "याकूब माणूस लाखातला. एक ते पिण्याचं सोडलं तर. अल्ला त्याला माफ करो."

दोन-चार माना हलल्या. माझ्या शेजारी भाभींचा तसबीचे मणी ओढणारा हात थांबला. त्यांनी मान इतकी खाली घातली की कपाळ गुडघ्याला लागलं.

मी समोर हिराकडे बघितलं. धाकटं पोर तिच्या मांडीवर झोपलं होतं. पलीकडे आबा. मला सगळं दिसत होतं, भाई. काय होऊ शकतं ते सगळं. पोर माहेरी धाडली जाईल, उर्श्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. तुमची शपथही आठवत होती. पण भाभींची ती वाकलेली मान बघवेना. उठले. पदर खोचला आणि दारातून सरळ अंगणात आले.

"कुनाला पिनारा म्हंताय तुमी? त्या मानसानं जल्मात एक डाव घेतली, ती बी माज्यापायी! चाखत हुते ती मी. ही मी हितं उबी हाय. त्या दिशी घोट माज्या तोंडात हुता आन् पेला त्यानं सोताच्या तोंडाला लावला, का तर माज्या पोरीचं लगीन मोडू ने. मागल्या रांगंत उबा ऱ्हायला गडी, पन बोलला न्हाई. आता बोला काय बोलायचं त्ये. मला बोला!"

हिरा उभी राहिली होती, तोंड पांढरंफटक. मी आबांकडे वळले. हात जोडले. "आबा, पोरीला ठावं न्हाई ह्यातलं कायबी. शिक्षा द्याची तर मला द्या."

आबांनी मुंडासं मांडीवरून खाली ठेवलं. म्हणाले, "बसा, विहीनबाई. मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"त्यो पिनारा न्हवता ह्ये. पिनाऱ्याचं त्वांड मला कुनी शिकवू नगा. माज्या थोरल्याचं त्वांड मी रोज बघितलंय. पेला वटाला लागला का त्याचं त्वांड सैल व्हायाचं, बाळानं आंगावर प्यावं तसं. अन् ह्यो बाबा..." आबा थांबले. मग म्हणाले, "ह्यानं कसं केलं सांगू?"

आणि सगळ्यांसमोर, त्या भरल्या अंगणात, आबांनी डोळे घट्ट मिटले, ओठ आत ओढून घेतले आणि डावा खांदा उचलून पार कानाला लावला.

भाभींच्या तोंडून किंकाळीच निघाली. "काढा! काढा घेताना असंच करायचे!" हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाच कळत नव्हतं. मी मटकन खाली बसले.

आबा म्हणाले, "तितंच वळखलं. ह्यानं कदी घेतली न्हाई, अन् घेतली ती झाकायला घेतली. मंग इचार क्येला, ज्या पोरीसाठी परका मानूस एवढं करतो, ती पोर सोडायची व्हय? त्यानं झाकलं, मी कशाला उघडं करू? हितं लोक त्याला पिनारा म्हंत्यात ह्ये मला आज कळलं. न्हाई तर कवाच आलो असतो."

कादरचाचा दोन्ही कान धरून "तोबा तोबा" करत उठले आणि दाराशी येऊन भाभींची माफी मागायला लागले. हिरा माझ्यापाशी आली, पोर कडेवर घेऊन. वाटलं, आता काय म्हणते. कानाशी लागून म्हणाली, "आई, कशी लागते गं?" मेलीला विचारायला हीच वेळ सापडली! मी तिला जवळ ओढलं आणि मग मात्र जे रडू आलं ते आवरेना.

तर असं झालं, भाई. शपथ मोडली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मी म्हणत होते ना?

आत्ता पिंप उघडलंय. पहिला पेला साहेबांना नेऊन दिला. दुसरा माझ्या हातात आहे. एक घोट घेतला, आणि मोरीकडे गेले नाही. आधी गोड लागतं, मग कडू, आणि कडू निघून जातं. बरोबर जमलंय. तुमची अर्धी मूठ.

आणि मला आता कळलंय ना, ती अर्धी का झाली. काल आबांनी ते तोंड करून दाखवलं आणि अंगणात सगळे रडत होते तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? की म्हणजे कडू जास्तच होतं! काढ्याएवढं कडू होतं! आणि हा माणूस इतकी वर्षं मला पेटी संपत आली म्हणून सांगत राहिला. एकदा सरळ म्हणायचं होतं, काशीबाई, हॉप्स जास्त झाले होते, तुमचं खरं. एवढं एकच वाक्य. ते ऐकायला मी आता कुठं जाऊ, याकूबभाई?